दोन हजार नऊशे बारा

एकोणतीस मार्च. तुरमुरींच्या ऑफिसात पंखा
कागद तेवढे उडवतोय, वारा देत नाही.
"गाडी दिली तर सूट नाही ओ आण्णा,
ऐंशी-जीला वस्तू चालत नाही.
विका, आणि पैसे चेकनं द्या.
मग पावती, मग सूट."
कॅल्क्युलेटर माझ्याकडं फिरवला.
ऑटोनगरचा भंगारवाला अठ्ठावीस हजार देतोय,
त्यातले निम्मे धरायचे,
वीस टक्के, वर सेस:
दोन हजार नऊशे बारा.
"तेवढे वाचतात बघा."

उद्यमबागेत चौतीस वर्षं लेथ चालवली.
एक सूत जास्त घासलं की जॉब गेला,
हे मला झोपेतही कळतं.
हा आकडा मात्र कुठनं धरायचा
ते कळेना.

प्रमिलानं घरी आल्याआल्या भाषांतर केलं:
"पाच किलो कुंदा.
आणि तुम्हाला शुगर."

ओम्नी दारात उभी होती.
एफसी वाढवून चार वर्षं झालेली,
पुढचा बंपर दुसऱ्या रेल्वे गेटनं वाकवलेला.
कोगनोळी ओलांडून कोल्हापुरात शिरली
की पोलीस शिट्टी मारायचा: ए, कानडी गाडी!
आणि इथं, एका नोव्हेंबरात,
मागच्या काचेवरचं 'प्रमिला'
कुणीतरी खिळ्यानं खरवडलं.
'प्र' गेला, तेवढ्यात त्याला कुणी हाक मारली असणार.
'मिला' राहिलं.
बायको म्हणाली, असू दे,
या वयात वजन कमी झालेलं बरंच.

भंगारवाला तिला उघडून बघणार.
इंजिन एकीकडं, दारं एकीकडं,
सीटचा फोम पोत्यात.
सरकतं दार आधी जरा वर उचलायचं,
मग ओढायचं,
हे त्याला सांगावं लागणार नाही.
तिथंच माझं बिनसलं.

यमकनमर्डीच्या अलीकडं, उसाच्या मागं,
मूकबधिर मुलांची शाळा.
कमलव्वा बाई कानडीत बोलल्या, मी मराठीत.
निम्मं त्यांना कळलं, निम्मं मला,
मधलं चहात बुडवून खाल्लं.
फॉर्म कानडी. माझी सही मराठी.
किमतीच्या रकान्यावर त्यांचं पेन थांबलं.
मी म्हटलं, काही नको लिहायला.
त्यांनी लिहिलं काहीतरी, गोल गोल, एक ओळ.

इंजिन चालू केलं तशी
वऱ्हांड्यातली पोरं पळत आली.
आवाजानं नाही. धूर बघून.
एका पोरीनं बॉनेटवर तळवा ठेवला,
मग गाल.
डोळे मिटून उभी राहिली.
दुसऱ्या सिलिंडरची ती ठेच,
जी मला गेल्या दिवाळीपासून ऐकू येत नाही
(डावा कान लेथनं खाल्लाय, उजवा अर्धा),
ती तिला सापडली असावी.
बोटानं बॉनेटवर ठोकून दाखवली:
एक, दोन, गप्प, चार.
प्लग, मी म्हटलं. प्लग बदलायला झालाय.
तिनं माझ्या ओठांकडं बघितलं
आणि मान हलवली,
बरोबर आहे म्हणाली की चूक, कोण जाणे.

दार कसं उघडायचं ते शिकवलं. उचल. मग ओढ.
दोनदा मी, तिसऱ्यांदा सगळ्यांनी.
बाई हसल्या.
पोरांनी गाडीला नाव ठेवलं म्हणे:
हवेत मूठ जरा वर, मग मागं.
एवढंच नाव. लिहिता येत नाही.
खरवडताही येणार नाही, असं प्रमिला म्हणाली
आणि उगाच पदर सारखा करत बसली.

रस्त्यावर येऊन लाल बस धरली.
पावती शर्टाच्या खिशात,
तिकिटाबरोबर, तेवढ्याच आकाराची.
सोमवारी तुरमुरी विचारतील,
तेव्हा दोन्ही दाखवणार आहे.

बेळगाव आलं. उतरायला दाराशी गेलो,
कडी धरली,
आणि हातानं आधी जरासं वर उचललं.

मागनं कंडक्टर ओरडला,
ढकला की ओ आजोबा, ढकला नुसतं.